धोंड्याच्या पंगतीची आणि वरल्या पेठेच्या उपांत्य लढाईची बखर

श्री. मैदानाचे ईशान्य कोपऱ्यात जो शेंदूर लेवून बैसला आणि ज्याचे डोळ्यांदेखत आजवर किती चेंडू कुंपणापलीकडे गेले याची गणती त्यासच ठाऊक, त्या गजाननास प्रथम नमन. दुसरे नमन शारदेस. तिसरे शिट्टी फुंकणारे पंचांस, कारण त्यांस नमन न करावे तर ते पिवळे पत्र काढून दाखवितात. शालिवाहन शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सरे, ज्येष्ठ मास अधिक, ऐसे वर्तमान काळी ही हकीकत घडली. संवत्सराचे नाव पाडव्याचे दिवशी पंचांगात वाचिले तेव्हांच आमचे पेठेत कित्येकांचे तोंडचे पाणी पळाले, आणि मग मंडळी जमोन देवळातले जोशीबुवांकडे गेली आणि म्हणाली की बुवा, वर्षाचे नावच पराभव, आता आमचे फौजेचे कैसे होणार. बुवा पळी खाली ठेवून म्हणाले, "अहो, पंचांग दोन्ही पेठांना एकच आहे. कोणाचा तरी होणारच की." याणे समाधान कोणाचे जाहले नाही, परंतु शास्त्रार्थ खोडता येईना, म्हणोन मंडळी परत आली.

या राज्याचे नाव लिहीत नाही. ज्या नगरात लग्नाची तिथी धरण्यापूर्वी फुटबॉलचे वेळापत्रक पाहतात ते हे नगर, इतकी खूण पुरे. नगरात पेठा अनेक, परंतु मोजाव्या ऐशा दोन, वरली आणि खालली. वरलीचे निशाण जांभळे, खाललीचे पिवळे. दोहींमध्ये एक रस्ता आणि रस्त्याचे मध्यावर दूधकट्टा, जेथे सांजवेळी गवळी म्हशी आणोन बांधितात आणि गिऱ्हाईकाचे समक्ष धार काढोन फेसाळ पेला हाती देतात. तेथे मात्र दोन्ही पेठांचे लोक शेजारी उभे राहोन दूध पितात, कारण म्हशीस पक्ष नाही. बाकी सर्व बाबतीत वैर. दर साली हिवाळ्यापासोन वळवापर्यंत लढाया चालतात, एकेक बाजूस अकरा शिपाई, पाठीशी एकेक किल्ला, किल्ल्यास जाळीची भिंत आणि दाराशी एक किल्लेदार, ज्यास अडाणी लोक गोली म्हणतात. आम्ही वरल्या पेठेचे. बखर लिहिणाराने कोणाची बाजू घेऊ नये ऐसे कित्येक म्हणतात, आणि चौकशी करिता ते म्हणणारे खालल्या पेठेचे निघतात.

तर वरल्या पेठेत राजश्री हिंदुराव मगदूम म्हणोन भडंगाचे व्यापारी होते. वय साठीचे घरात, मिशा भरघोस, गुडघे कुरकुरते. जांभळ्या फौजेवर त्यांची निष्ठा ऐसी की दुकानाच्या फळ्या जांभळ्या, पुड्यांचे कागद जांभळे, आणि एके साली भडंगही जांभळे करावे म्हणोन चुरमुऱ्यांस बिटाचा रस लाविला, ते माणसांनी खाल्ले नाही म्हणोन म्हशीपुढे ठेविले, तर म्हशीनेही तोंड फिरविले. फौज जिंकली की येईल त्या गिऱ्हाईकास मूठभर भडंग वरती, आणि हरली की दुकान उघडे परंतु धनी अबोल, गिऱ्हाईकाने बोटाने दाखवावे आणि त्यांनी पुडी बांधावी. आणि फौजेची अवस्था काय वर्णावी. अखेरचा करंडक आणिला तेव्हां जी पोरे बापाचे खांद्यावर बैसोन गुलाल खात होती, ती आज आपली पोरे खांद्यावर घेऊन येतात. मधल्या काळात फौज दर खेपेस उपांत्य लढाईपर्यंत डौलाने जाते आणि तेथे कांही तरी होते. एकदा वळवाने घात केला, एकदा पंचांनी केला, आणि एकदा आमचेच बचावाचे गड्याने आमचेच किल्ल्यात ऐसा देखणा गोल मारिला की शत्रूनेही टाळ्या दिल्या. तरी हिंदुराव प्रत्येक सामन्यास उन्हात जाऊन बैसत आणि येताना घसा बसवून येत.

त्यांस एकुलती कन्या, नाव वैजयंता, पेठेत वैजू. बाळपणापासोन बापाचे मांडीवर बैसोन सामने पाहिले आणि शत्रूस डिवचण्याची विद्या ऐसी हस्तगत केली की तोंडात एक अपशब्द नाही परंतु ऐकणाराचे पाणी पाणी व्हावे. मोठी जाहल्यावर खालल्या पेठेचे गोलामागे उभे राहोन किल्लेदारास सतावण्याची कामगिरी तिणे आपण होऊन पत्करिली. किल्लेदार शार्दूल पोवार, उंच, मितभाषी, पंजे सुपाएवढे. वैजू मागून म्हणे, "अरं लांबड्या, आईनं तुला धुऊन दांडीवर वाळत घातलावता काय, एवढा ताणलायस?" आणि तो पाठमोरा ऐकत राही. ऐसे एक साल चालले. मग एका लढाईत चेंडू पलीकडे असता तो मागे वळोन म्हणाला, "आज आवाज बसलाय तुमचा. आलं-गूळ खावा." तेथे वैजूची वाचा बसली आणि पुढले सालात लग्न जाहले. लग्नात अंतरपाट कोणते रंगाचा धरावा यावर दोन्ही पेठांच्या बैठका बैसल्या आणि भांडोन भांडोन पांढरा ठरला. पाठवणीचे वेळी हिंदुराव धाय मोकलोन रडले. लोक म्हणाले, लेक चालली, बापाचे काळीज आहे. आम्ही शेजारी उभे होतो, आम्हांस स्पष्ट ऐकू आले, ते म्हणत होते, "पोरगी पिवळ्यात गेली वं."

असो. त्यास दोन साले लोटली आणि चालू साली साखळीच्या लढाया आटोपोन चार फौजा उरल्या आणि चिठ्ठ्या टाकिल्या, तो आमची उपांत्य गाठ नेमकी खालल्या पेठेशी पडली. त्या सांजे हिंदुराव दूधकट्ट्यावर पेला हाती घेऊन उभे राहिले आणि तालमीचे, म्हणजे फौज जेथोन निघते त्या मंडळाचे, कारभारी राजश्री नाना सुतार, जे फौजेचे भोजन, भांडण आणि बूट या तिन्ही खात्यांचे मुख्य, ते जवळ आले आणि दोघांनी फौजेचे बलाबल काढिले. हिंदुराव म्हणाले, "नाना, पुढं मुबारक हाय तवर मला घोर न्हाय. पोरगं पळाय लागलं की त्येची सावलीबी मागं ऱ्हाती." नाना म्हणाले, "मधी ती चौगुल्यांची दोघं भाऊ हायती. बांधावरनं बोलणं तुटलंय, पर पास बरोब्बर देत्यात." हिंदुराव म्हणाले, "डाव्या बगलेचा गुडघा गेलाय." नाना म्हणाले, "गुडघा गेलाय, माणूस ऱ्हायलाय." मग थोडे दूध पिऊन हिंदुरावांनी हलकेच विचारिले, "अन् आपला गोली?" नाना म्हणाले, "देवमाणूस हाय. दारात आलेल्याला अडवत न्हाय."

पुढला प्रश्न उभयतांचे ओठांवर होता आणि विचारवेना. खालल्या पेठेचा किल्लेदार म्हणजे शार्दूलराव. साऱ्या साखळीत त्यांचे जाळीत चेंडू गेला तो एकदाच, आणि तोही त्यांस शिंक आली म्हणोन. हिंदुराव पेल्याकडे पाहात राहिले आणि त्यांचे मनात आले की मनुष्य आयुष्यात भडंग किती विकतो, चपला किती झिजवितो, देवास नवस किती बोलतो, त्यांतले कांही लक्षात राहात नाही, परंतु अमुक साली अमुक गड्याने गोलाचे आडव्या बारीवरून चेंडू मारिला तो मात्र झोपेतही दिसतो, हे काय कर्म. आणि ते म्हणाले, "नाना, माझं एकच मागणं हाय बघ. डोळं मिटायच्या आत येकदा जांभळं फायनलात बघायचं. करंडक नगं. नुस्तं फायनलात." नानांनी आपला पेला त्यांचे पेल्यास टेकविला. करंडक नको हे मात्र हिंदुराव खोटे बोलले, ते आम्ही येथे नमूद करितो.

हिंदुराव घरी आले तो सौभाग्यवती शेवंताबाई कणीक मळायची परात धुवीत होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या जावयाला बोलावलंय. धोंडं जेवायला." ज्या वाचणारांस ठाऊक नसेल त्यांनी जाणावे की अधिक मास तीन साली एकदा येतो, त्यास धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावई हा नारायणाचे ठायी, म्हणोन त्यास घरी आणोन पाय धुवावे, तेहतीस अनारशांचे वाण दिव्यासह द्यावे आणि पुरण भरोन उकडलेले धोंडे तुपाशी जेवू घालावे, ऐसी रीत आहे. हिंदुरावांनी कपाळास हात लाविला. म्हणाले, "अगं, परवा मॅच हाय." बाई म्हणाल्या, "म्हणूनशान तर उद्या. परवा मॅच, तेरवा आवस, अन् महिना सरला. लग्नानंतरचा पयला अधिक हाय पोरीचा. पुढच्या अधिकापत्तूर मी काय धोंडं शिजवून ठेवू?" हिंदुराव म्हणाले, "पर नारायण म्हणून पाय धुवायचं, अन् नारायण परवा हरावा असं मनात आणायचं, ह्ये चालतंय का?" बाई म्हणाल्या, "मनात काय आणायचं त्ये आणा. येताना हातात तूप आणा."

मग हिंदुराव तूप आणावयास निघाले आणि वाटेत तालमीचे पायरीवर नाना भेटले आणि हिंदुरावांचे पोटात बातमी राहीना. नानांनी ऐकिले आणि त्यांचे डोळे ऐसे चमकले की जणू किल्ल्याची चोरवाट सापडली. म्हणाले, "हिंदुराव, देवच पावला. जड कर त्येला. एवढा जड कर की परवा उडी मारंल अन् निम्म्यातच बसंल." आणि तेथेच पायरीवर मसलत जाहली. रीत ऐसी की पेठेची लेक ती साऱ्या तालमीची बहीण, आणि तिचा नवरा धोंडे जेवावयास आला की गल्लीतले तरणे गडी मेहुणे होऊन दोहीं बाजूंस बैसतात आणि आळीपाळीने आग्रह करितात. मेहुण्याचा आग्रह मोडणे जावयास शोभत नाही. नाना म्हणाले, "आपली अकराबी पोरं बसवतो. येकेकानं येकेक आग्रहाचा घातला तरी जेवणाच्या वर अकरा धोंडं. हत्ती बसंल." सर्वांनी वाहवा केली. आता याच पेठेची दुसरीही रीत आहे, की पंगतीत दुजाभाव नाही, आणि जावयाचे पानात धोंडा पडला की साऱ्या पंगतीचे पानात पडतो, कारण एकट्या जावयास वाढणे म्हणजे त्यास खादाड म्हणण्यासारखे. ही रीत सर्वांस जन्मापासोन ठाऊक, परंतु त्या पायरीवर ती कोणासही आठवली नाही. हिंदुरावांनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तूप आणावयाचे आहे म्हणाले आणि निघोन गेले.

दुसरे दिवशी वैजू सकाळीच माहेरी आली आणि पदर खोचोन चुलीपाशी बैसली आणि पुरणाचा ढीग पाहोन चकित जाहली. आईस पुसिले, तर आई म्हणाली तालमीची पोरे जेवावयास आहेत. किती, तर अकराही. वैजू बापाची लेक, सामने पाहोन वाढलेली, तिला डाव ओळखावयास वेळ लागला नाही. ती हात पुसोन बाहेर आली आणि बाप अंगणात केळीची पाने धूत होता तेथे उभी राहोन म्हणाली, "आबा, तुमाला मॅच जिंकायची हाय का जावई पाडायचा हाय?" हिंदुराव पान उलटेपालटे करीत म्हणाले, "दोन्ही येकच की गं." ती म्हणाली, "येक न्हाय. त्यो खेळून हरला तर मी त्येची समजूत काढीन. मलाबी बरंच वाटंल, खोटं कशाला बोलू. पर सासऱ्याच्या घरी जेवून आडवा झाला अन् म्हणून हरला, तर मी त्या घरात कुनाच्या तोंडाकडं बघू?"  धुतलेले पान हिंदुरावांनी पुन्हा धुतले. वैजू आत गेली आणि जाताना इतकेच म्हणाली की पानं फाटत्याली, लई चोळू नगा.

दोन प्रहरी शार्दूलराव आले, दारात वाकोन आले, कारण चौकट त्यांचे उंचीस पुरत नाही. पाटावर बैसविले आणि हिंदुराव तांब्याने पाणी घालोन पाय धुवू लागले. तो प्रथमच त्यांनी ते पाय जवळून पाहिले, नडग्यांवर वळ, घोटा सुजोन बैसलेला. मग वाणाचे ताट हाती देताना पंजा पाहिला, तो एक बोट वाकडे. विचारिले, "बापू, ह्ये कशानं?" शार्दूलराव म्हणाले, "मुबारकचा शॉट, मामा. लग्नाच्या आदल्या साली. लई चांगला मारलावता." हिंदुरावांस तो शॉट आठवला. बोटास लागोन चेंडू आत गेला होता आणि हिंदुरावांनी त्या आनंदात शेजाऱ्याची टोपी हवेत फेकिली होती आणि ती अद्याप सापडली नाही. ते ताटातला दिवा सावरू लागले.

मग पंगत बैसली. मध्ये शार्दूलराव, दोहीं बाजूंस जांभळी फौज, आणि शेवटास नाना, सेनेवर नजर ठेवोन. आम्हांस पानावर जागा मिळाली नाही म्हणोन आम्ही भिंतीवर बैसोन पाहिले, त्यामुळे ही हकीकत पोटाचे नव्हे तर डोळ्यांचे साक्षीने लिहिली आहे. शेवंताबाईंनी पहिला फेरा वाढिला आणि तुपाची धार सोडिली. शार्दूलराव सावकाश जेवले. मग आग्रह सुरू जाहला. मुबारक म्हणाला, "दाजी, ताईच्या नावानं येक!" आणि बाईंनी दाजींचे पानात एक घातला आणि रीतीप्रमाणे ओळीने साऱ्यांचे पानात एकेक घातला. मग थोरला चौगुले म्हणाला, "आमच्या बांधाच्या नावानं येक!" पुन्हा साऱ्यांस एकेक. धाकट्यास राहवेना, तो म्हणाला, "बांध माझ्याबी बाजूला हाय, माझ्याबी नावानं येक!" पुन्हा साऱ्यांस. ऐसे करीत करीत आमचे देवमाणूस किल्लेदारापर्यंत पाळी आली तेव्हां फौजेचे कमरेच्या नाड्या सुटल्या होत्या आणि डाव्या बगलेचा गडी पाटावरून सरकोन भिंतीस टेकला होता. नानांचे ध्यानी प्रकार आला, त्यांनी डोळ्यांनी खूण केली, भुवया उडविल्या, खाकरले, परंतु आग्रहास निघालेला मेहुणा आणि उतारास लागलेला गाडा दोन्ही मध्येच थांबत नाहीत. शार्दूलरावांचे कपाळी घाम जमला. तरी त्यांनी कोणास नाही म्हटले नाही, एकदा मात्र वैजूकडे पाहिले, आणि वैजूने बापाकडे पाहिले.

तेव्हां हिंदुराव तुपाची वाटी घेऊन ओळीने येत होते ते जावयाचे पानापाशी थांबले. वाटी खाली ठेविली. आणि आपला उजवा हात त्या पानावर उताणा नव्हे, पालथा ठेवोन पान झाकिले आणि म्हणाले, "बास. बापू, उठा, हात धुवा."  सासऱ्याने अधिक मासी जावयाचे पान हाताने झाकावे हे त्या पेठेत कोणी पाहिले नव्हते आणि ऐकिले नव्हते. शेवंताबाईंचे हातातला पळा तसाच राहिला. नाना शेवटाकडून म्हणाले, "हिंदुराव, काय करतुयास ह्ये?" हिंदुराव म्हणाले, "उद्या मॅच हाय पोराला." नाना म्हणाले, "कुणाच्या पोराला?" हिंदुरावांनी हात काढिला नाही. शार्दूलराव उठले आणि "येतो मामा" म्हणोन दोन वेळ वाकले, एकदा सासूसासऱ्यांस आणि एकदा चौकटीस. इकडे शेवंताबाई पातेल्याकडे पाहोन संतापल्या की एवढे कोणासाठी केले, आणि उरलेले सारे धोंडे मेहुण्यांचे पानात रिते केले. मुबारक म्हणाला, "बहिणीच्या घरचं न्हाय म्हणायचं नसतंय," आणि खाल्ले. सर्वांनी खाल्ले. नानांचे पानातही पडले, आणि पाहात पाहात त्यांनीही खाल्ले.

तिसरे दिवशी लढाई. त्या दिवसाचे वर्णन आमचेच्याने निर्मळ मनाने होत नाही. दोन्ही पेठांचे लोक मैदानाचे पायऱ्यांवर बैसले, एकीकडे जांभळे, समोर पिवळे, आणि पिवळ्यांत सासरचे मंडळींमध्ये वैजू डोक्यावर पदर घेऊन, तोंडास कुलूप घालोन बैसली. शिट्टी जाहली आणि आमची फौज मैदानी उतरली, परंतु उतरली ती उतरलीच, पुन्हा वेग म्हणोन चढेना. मुबारकाची सावली त्याचे पुढे जाऊ लागली. चौगुले बंधू कित्येक सालांनंतर प्रथमच एकमेकांशी बोलले, थोरला म्हणाला, "पोट दुखतंय का रं?" आणि धाकटा म्हणाला, "व्हय दादा." पिवळ्यांनी चढाईवर चढाई केली. परंतु ईश्वराची लीला पाहा, आमचे किल्लेदारांस जागचे हलवेना, ते दाराचे मधोमध उभे राहिले आणि पिवळ्यांचा जो जो नेम आला तो घाईत त्यांचेच पोटावर बसोन परत गेला. लोक म्हणू लागले की ऐसा किल्लेदार पूर्वी जाहला नाही. नाना मान खाली घालोन बैसले होते, ते एकदाही वर पाहीनात. ऐसे करीत वेळ सरला, कोणाचाच गोल जाहला नाही, आणि टायब्रेकर नामे जो निकालाचा भयंकर प्रकार आहे तो येऊन ठेपला. आता किल्लेदाराने एकट्याने उभे राहावे आणि शत्रूने समोरून एकेकाने मारावा. पिवळ्यांनी पाचही मारिले. आमचे चार गेले. पाचवा राहिला, तो गेला तर लढाई पुढे, अडला तर साल संपले. मारावयास मुबारक.

हिंदुराव उभे राहिले. त्यांचे मनात काय होते ते त्यांनी पुढे आम्हांस सांगितले, म्हणोन लिहितो. ते म्हणाले की मी गजाननास सांगत होतो, आत जाऊ दे, आत जाऊ दे, आणि त्याच दमात मला त्या पोराची नडगी दिसत होती. मुबारकाने धाव घेतली आणि सर्व पोट, सर्व पेठ आणि सर्व साल एका पायात आणोन मारिला. चेंडू उजवे हाताचे वरले कोपऱ्यात निघाला, जेथे कोणी पोहोचत नाही. आणि शार्दूलराव पोहोचले. सारे लांब अंग आडवे हवेत, आणि बोटाचे टोकाने चेंडू बारीवरून पलीकडे. जांभळे पायऱ्यांवर ऐसी शांतता पडली की शेंगा फोडणाराचा आवाज यावा, आणि त्या शांततेत, जांभळ्यांचे ऐन मध्यात, जांभळी टोपी घातलेल्या हिंदुरावांचे कंठातून बेंबीच्या देठापासोन आवाज निघाला, "शाब्बास रं माझ्या वाघा!" आणि तो विरतो न विरतो तोच समोरून, पिवळ्यांचे ऐन मध्यातून, पदर पडलेला, दोन्ही हात वर, वैजूचा आवाज आला, "मुबारकदादा, डोळं कुठं ठेवलंवतंस रं! डावा कोपरा सगळा मोकळा हुता की!"

जांभळे सारे हिंदुरावांकडे वळले. पिवळे सारे सुनेकडे वळले. जिंकलेले आणि हरलेले, कोणासच कांही क्षण काय करावे ते कळेना. बाप आणि लेक यांनी मैदानाचे या तीरावरून त्या तीरावर एकमेकांस पाहिले. बापाचे डोळ्यांस पाणी होते आणि लेकीचेही होते, आणि दोघेही एकाच वेळी मटकन खाली बैसली. तिकडे वैजूची सासू म्हणाली, "अगं, एवढा आवाज हाय तुला, अन् दोन सालं आमच्यापास्नं झाकून ठिवलास?" इकडे मात्र लोक टोप्या हाती घेऊन हिंदुरावांचे बाजूने जाऊ लागले, कोणी पाहीना.

अखेर नाना आले आणि शेजारी पायरीवर बैसले. हिंदुरावांस वाटले आता तालमीचे दार बंद जाहले. ते म्हणाले, "नाना, तोंडातनं गेलं. टोपी काढून दिऊ काय?" नानांनी रिकामे किल्ल्याकडे पाहिले. मग म्हणाले, "ठेव डोक्यावर. माझ्याबी तोंडात आलंवतं, हिंदुराव. मी गिळलं."

सारांश, वरल्या पेठेची फौज शके एकोणीसशे अठ्ठेचाळीसचे उपांत्य लढाईत पडली, आणि ती शत्रूचे बळाने नव्हे तर शेवंताबाईंचे हाताचे चवीने पडली, हे सत्य आहे. अंतिम लढाईत पिवळ्यांचे काय जाहले ते त्यांचे बखरकारांनी लिहावे, आम्हांस ती चौकशी करावीशी वाटली नाही. हिंदुरावांनी दुसरे दिवशी दुकान उघडिले आणि गिऱ्हाईकाशी स्वतः होऊन बोलले, जे हरल्याचे दुसरे दिवशी पूर्वी कधी घडले नव्हते. कोणी विचारिले, फायनल राहिली की औंदाबी, तर म्हणाले, "ऱ्हायली खरी. पर बघितलासा का, कसला अडीवला!" इति. लिहिताना मन ठिकाणी नव्हते, अक्षर हलले असेल तेथे वाचणाराने पंचांस दोष द्यावा.